कोकणातून मुंबईत आलात तर मुलांना कुठल्या बागेत न्याल?

मे महिन्यात मुंबई कोकणात येते. कोकण मुंबईला जातं ते दिवाळीच्या सुट्टीत, कुणाच्या लग्नाला, नाहीतर आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. कामाच्या त्या चार दिवसांतला एक दिवस मुलांसाठी काढलेला असतो, आणि घोळ तिथेच होतो. यादीत राणीची बाग, हँगिंग गार्डन, नॅशनल पार्क, शिवाय जमलंच तर जुहू. संध्याकाळी पदरात पडतं ते टॅक्सीचं बिल आणि खांद्यावर झोपलेलं पोर.

एका दिवसाला एकच बाग. ती निवडताना तीनच गोष्टी बघायच्या: आज वार कोणता, तुम्ही कुठल्या स्टेशनाजवळ उतरलात, आणि मुलाचं वय काय. बागेचं नाव किती मोठं, याला काही अर्थ नाही.

कोकणातल्या मुलाला झाडांचं आणि समुद्राचं अप्रूप नसतं, हेही धरून चाला. परसात फणस आणि दारात खाडी असलेल्या मुलाला मुंबईत नवं वाटतं ते सपाट हिरवळ, एका वेळी पन्नास अनोळखी मुलं, वेगवेगळ्या घसरगुंड्या, पेंग्विन आणि उंचावरून दिसणारं शहर. जुहूची वाळू दाखवायला गुहागरच्या मुलाला दोन तास लोकलमध्ये कोंबायचं कारण नाही.

आधी वार

राणीची बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बंद. दिवाळीत बरीच कुटुंबं नेमकी या गुरुवारी फाटकावरून परत फिरतात. शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारी बंद. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी सोमवारी बंद.

रविवार शक्यतो टाळा. गर्दी हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारी बहुधा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकल बंद, असतो, आणि तो नेमका सकाळी उशिरापासून दुपारी चारपर्यंत, तुमच्या जाण्यायेण्याच्या वेळात. कुठल्या मार्गावर ब्लॉक आहे ते आदल्या दिवशी रेल्वे जाहीर करते. यजमानांना विचारलं तरी कळतं, मुंबईकराला ते पाठच असतं.

सगळ्यात बरा दिवस मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवार. कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा या वेळात सीएसएमटी आणि चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मुलांना घेऊन चढू नका. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ हीच गर्दी उलट्या दिशेने वाहते. म्हणजे लालबाग-परळला गाववाल्याच्या खोलीवर उतरलेल्यांना सकाळी बोरिवलीकडे जाणं सोपं, पण तिथून परतताना उशीर करू नये. उपनगरात उतरलेल्यांनी राणीच्या बागेसाठी सकाळी सातच्या आत निघावं, नाहीतर साडेदहा-अकरानंतर.

उतरायचं कुठे, त्यावरून बाग

कोकणकन्येने पहाटे सीएसएमटीला किंवा तुतारीने सकाळी दादरला उतरलात, तर सामान यजमानांकडे टाकून किंवा क्लोकरूममध्ये ठेवून थेट राणीच्या बागेला जाता येतं. क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. दोन छोटी कुलपं घरूनच आणा, स्टेशनाबाहेर ती दुप्पट भावाने मिळतात.

नातेवाईक पनवेल, खारघर किंवा नेरुळला असतील तर मुंबईत शिरूच नका. पनवेलला उतरून हार्बर लोकलने नेरुळ गाठा. तिथलं वंडर्स पार्क २०१२ मध्ये सुरू झालं. जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती, खेळणी आणि भरपूर मोकळी जागा, असा त्याचा थाट. चार ते दहा वर्षांच्या मुलांचे तीन तास सहज जातात. प्रतिकृतींपेक्षा मुलं खेळण्यांपाशी जास्त रमतात, त्यामुळे आश्चर्यांपुढचे फोटो आधी उरकून घ्यावेत. खारघरचं सेंट्रल पार्क त्याहून ऐसपैस, पण सावली कमी. तिथे संध्याकाळीच जा. ठाण्यात उतरणाऱ्यांसाठी कोलशेतला २०२४ मध्ये सुरू झालेलं साडेवीस एकरांचं सेंट्रल पार्क आहे.

अलिबागकडच्या लोकांची गोष्ट वेगळी. मांडव्याहून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, भाऊच्या धक्क्याला लागते, आणि तिथून माझगाव आणि भायखळा दोन्ही जवळ. सकाळच्या बोटीने येऊन संध्याकाळच्या बोटीने परतता येतं. पावसाळ्यात मात्र हवामान बघूनच बोट सुटते.

दादर, परळ, भायखळा या भागात रिक्षा नाहीत. रिक्षांची हद्द शीव आणि माहीमला संपते, पुढे फक्त टॅक्सी आणि बस. स्टेशनाबाहेर रिक्षा शोधत उन्हात उभी असलेली कुटुंबं रोज दिसतात.

आणखी एक, आणि हे मुलांच्या आयांनी खास लक्षात ठेवावं: लोकलमध्ये शौचालय नसतं. कोकण रेल्वेची सवय असलेल्या मुलाला ते ठाऊक नसतं आणि कुर्ल्याला तो मान वर करून सांगतो. घरून निघताना एकदा, आणि बागेतून निघताना पुन्हा एकदा, "लागली नाहीये" म्हणाला तरी.

लोकलमध्ये चढताना एक मोठा माणूस पुढे, मध्ये मुलं, मागे दुसरा मोठा. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. ताटातूट झालीच तर काय करायचं ते फलाटावर उभं असतानाच ठरवा: जो फलाटावर राहिला तो तिथेच थांबेल, जो गाडीतून पुढे गेला तो पुढच्या स्टेशनावर उतरून तिथेच थांबेल, आणि शोधायला मोठं माणूस जाईल. दोघंही शोधायला निघाले की दोन तास जातात. लोकलला पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं.

राणीची बाग

लहान मुलं आणि म्हातारी माणसं एकाच वेळी खूश होतील अशी मुंबईतली एकमेव जागा ही. नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला राणीची बागच सांगा. दादरहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या धीम्या लोकलने परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि चौथं भायखळा. पूर्वेला बाहेर पडा. चालत दहा-पंधरा मिनिटं. आजी सोबत असेल तर टॅक्सी करा, कारण आजीचे पाय आत लागणार आहेत.

बाग साडेनऊला उघडते. सव्वानऊला फाटकाशी असणं म्हणजे निम्मा दिवस जिंकणं. तिकीट खिडकी बाग बंद व्हायच्या बऱ्याच आधी बंद होते, त्यामुळे "दुपारी जेवून चार वाजता जाऊ" हा बेत सुट्टीच्या दिवशी हमखास फसतो. आई, वडील आणि दोन मुलं अशा चौघांचं एकत्र तिकीट मिळतं, ते सुटी तिकिटं घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. खिडकीवर "फॅमिली तिकीट" असं मागा, न मागता कुणी देत नाही.

आत शिरल्यावर सगळा लोंढा पेंग्विनकडे धावतो. तुम्ही उलट करा. वाघ, बिबट्या, अस्वल, तरस ही मंडळी सकाळी फिरती असतात. अकरा वाजले की ती सावलीत आडवी होतात आणि मग काचेपलीकडे फक्त एक शेपूट दिसतं. पहिला दीड तास प्राण्यांना द्या, मग पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात जा. त्यात आतून चालता येतं.

पेंग्विन ठेवा दुपारी बाराच्या सुमाराला. हे हंबोल्ट जातीचे पेंग्विन २०१६ मध्ये आणले, २०१७ पासून लोकांना बघता येतात. त्यांचं दालन १६ ते १८ अंश सेल्सिअसला ठेवलेलं असतं, त्यामुळे भर दुपारी तिथल्या थंड हवेत जाण्यासारखं सुख नाही. फक्त बाहेरची रांग उन्हात असू शकते. एकाने रांगेत उभं राहावं, बाकीच्यांनी झाडाखाली थांबावं. रांग पुढे सरकत असते, तुम्हाला आत रेंगाळू देत नाहीत. म्हणून लहान मुलाला काचेजवळच्या बाजूला ठेवा आणि फोटोच्या नादात बघायचं राहू देऊ नका.

जेवण त्यानंतर. ही बाग १८६२ पासूनची, आणि मुळात झाडांसाठी केलेली. प्राणी नंतर आले. म्हणून इथली सावली खरी आहे, रोपवाटिकेतून आणून उभी केलेली नाही. गोरखचिंचेचं झाड मुलांना मुद्दाम दाखवा. चार मुलांनी हात धरून त्याच्या बुंध्याला वेढा पडतो का बघायला सांगा, दहा मिनिटं शांततेत जातात. कैलासपतीची फुलं थेट खोडावर लागतात, तोफगोळ्याएवढी फळंही तिथेच लटकतात. त्याच्या खाली मात्र बसू नये.

जेवणानंतर थोडा दम असेल तर बाजूचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्याचं तिकीट वेगळं. (भाऊ दाजी मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. आपल्याच किनाऱ्यावरचा माणूस.) आत मुंबईच्या जुन्या लोकजीवनाची मातीची छोटी चित्रं आणि बोटींचे नमुने आहेत, ते मुलं वाकून वाकून बघतात. बाहेर दगडी हत्ती उभा आहे, त्याला चुकवू नका. हा घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते जोडून इथे उभे केले. सांधे अजून दिसतात. मुलांना सांधे शोधायला लावा.

प्राण्यांना काहीही खायला घालू नका, काचेवर थापा मारू नका. सोबतचं दुसरं कुणी मारत असेल तर मुलांसमोर त्याला हटकायलाही हरकत नाही.

नॅशनल पार्क

आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. त्याहून लहान मूल असेल तर कान्हेरीचा हट्ट सोडा आणि फाटकाजवळच्या मोकळ्या भागातच दिवस काढा.

पश्चिम रेल्वेने बोरिवली, पूर्वेला बाहेर पडून रिक्षा. इथे रिक्षा आहेत. किंवा मेट्रो सातने "राष्ट्रीय उद्यान" स्टेशन. अंधेरीकडून येणाऱ्यांना मेट्रोच बरी, मुलांना ती खिडकीतून उंचावरची मुंबईही दाखवते. सकाळी साडेसातला फाटक उघडतं, आठच्या आत आत असावं.

फाटकापासून कान्हेरी साधारण सहा किलोमीटर, रस्ता चढाचा. चालत नेलेली मुलं लेण्यांपाशी पोचतात ती रडत. जाताना आतली बस घ्या. लेणी बसॉल्टमध्ये कोरलेली, शंभरावर, आणि सगळी बघायची गरज नाही. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं मोठं दालन, बघा, मग वर चढत जाऊन पाण्याची टाकी बघा. दापोलीजवळची पन्हाळेकाजीची लेणी पाहिलेल्या मुलाला विचारा, तिथे पाणी कुठून यायचं आणि इथे कुठून. डोंगरात पन्हळी खोदून पावसाचं पाणी टाक्यात उतरवलंय, ते बोट ठेवून दाखवता येतं. मुलाला हा भाग बुद्धमूर्तींपेक्षा जास्त आवडतो. लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, वेगळं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

माकडं. कोकणातल्या माणसाला माकडांचं काय सांगायचं, वाल आणि केळी कोण नेतं ते आपल्याला माहीत आहे. पण गावचं माकड माणूस दिसला की झाडावर जातं, इथलं माणूस दिसला की जवळ येतं. त्याला प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखता येतो. हातात पिशवी, सोललेलं केळं किंवा वेफर्सचं पाकीट धरून चालणाऱ्या मुलावरच ते येतं. खाणं स्टीलच्या डब्यात, डबा चेन लावलेल्या सॅकमध्ये, सॅक मोठ्या माणसाच्या पाठीवर. माकडाने काही पकडलंच तर ओढाताण करू नका, सोडून द्या. डोळ्यात डोळे घालून बघू नका. चावा किंवा ओरखडा आला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा.

वनराणी ही छोटी गाडी मे २०२१ च्या तौक्ते वादळात रूळ उखडल्यावर बरीच वर्षं बंद होती. तेव्हा घरी असताना मुलाला गाडीचं आमिष दाखवू नका. फाटकावर विचारा, चालू असेल तर तिथेच आनंद जाहीर करा. सफारीच्या बसचंही तसंच, तिकिटं संपतात, म्हणून आधी तिचं तिकीट काढा आणि मग बाकीचा दिवस आखा.

इथे बिबटे राहतात. दिवसाउजेडी, माणसांच्या रस्त्यावर काळजीचं कारण नाही. पण पायवाट सोडून झुडपात लघवीला मूल एकटं पाठवायचं नाही, आणि काळोख पडायच्या आत बाहेर. पावसाळ्यात लेण्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. घराच्या पाठल्या दारी जशी पावलं टाकता तशीच टाका, आणि ओढ्यात मुलांना उतरवू नका. डोंगरावर सर आली की पाणी एकदम चढतं.

उंचावरच्या बागा

मलबार हिलवरचं फिरोजशहा मेहता उद्यान म्हणजे हँगिंग गार्डन, आणि समोरच कमला नेहरू पार्क. दोन्ही मिळून एक बाग धरायची. हँगिंग गार्डनच्या खाली शहराच्या पाण्याचं मोठं टाकं आहे. त्यामुळे वर मातीचा थर पातळ, खोल मुळांची मोठी झाडं कमी, म्हणून सावलीही कमी. दुपारी दोनला तिथे गेलात तर मूल पंधरा मिनिटांत "घरी जाऊया" म्हणतं. चारनंतर जा. आधी झुडपं कापून केलेले प्राणी बघा, मग रस्ता ओलांडून म्हातारीच्या बुटाकडे, म्हणजे बुटाच्या आकाराच्या घराकडे, आणि दिवे लागताना कठड्यापाशी. खाली चौपाटीपासून वळत गेलेला दिव्यांचा हार मुलांना तिथूनच दाखवायचा. चर्नी रोडला उतरून टॅक्सीने वर जावं. चढ चालत जाण्याजोगा असला तरी लहान मुलांची ताकद त्यात घालवू नका. जवळच झाडांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्ग २०२५ मध्ये सुरू झाला आहे. त्याचं तिकीट वेळ ठरवून ऑनलाइन काढावं लागतं.

माझगावचं जोसेफ बाप्टिस्टा उद्यानही अशाच एका जलाशयावर, टेकडीवर आहे. हार्बर मार्गावर डॉकयार्ड रोडला उतरायचं आणि चढायचं. पर्यटक इथे फारसे येत नाहीत, आसपासची माणसं येतात, म्हणून शांत. वरून गोदी आणि बंदर दिसतं. आजोबांनी लहानपणी कोकणबोटीने प्रवास केला असेल तर त्यांना इथे न्याच. भाऊचा धक्का कुठल्या बाजूला, ते त्यांना कुणी सांगावं लागणार नाही.

तीन वर्षांखालच्या मुलाला यातलं काहीच नको. मुक्काम दादरला असेल तर माटुंग्याची पाच उद्यानं, नाहीतर शिवाजी पार्क, सकाळी सात ते नऊ. मैदानाच्या कडेचा कट्टा बसायला, आणि लहानग्याला धावायला जागा. डिसेंबर ते मे या काळात मैदानावरची लाल धूळ उडते. दम्याचं मूल असेल तर पाच उद्यानंच बरी.

धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान सातवी-आठवीच्या मुलाला दाखवण्याजोगं. ३७ एकरांचं हे रान पूर्वीच्या कचराभूमीवर उभं केलं आहे. तिथे झोपाळे नाहीत. लहान मुलं कंटाळतात.

झोपाळा, घसरगुंडी: बसवण्याआधी बघायचं काय

किनाऱ्याजवळच्या शहरात लोखंड खाऱ्या हवेने खातं, हे होडीवाल्याच्या मुलुखात वेगळं सांगायला नको. गंज वर दिसतो त्यापेक्षा खांब जमिनीत शिरतो तिथे जास्त असतो. खांबाला हाताने हलवून बघा. बुडाशी हलला तर त्या खेळण्यावर मूल नको. झोपाळ्याची साखळी वरच्या आकड्यात जिथे अडकते तिथली कडी बघा. झिजून अर्धी झालेली कडी खालून नजरेने कळते.

घसरगुंडी पत्र्याची असो की फायबरची, आधी हाताची उलटी बाजू पाच सेकंद टेकवा. तुम्हाला धरवत नसेल तर मुलाची मांडी भाजेल. काळे रबरी गालिचेही दुपारी तापतात, अनवाणी नको. फायबरची घसरगुंडी तडकली की कडेला पांढरे तंतू सुटतात. ते काचेचे असतात, कातडीत घुसून खाज आणतात. चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा आणि मग धुवा.

लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरू नका. आईबापांना तेच सुरक्षित वाटतं आणि पाय त्यानेच मोडतात. मुलाचा बूट कडेला अडकतो, वर मोठ्या माणसाचं वजन खाली सरकतच असतं, आणि नडगी पिळली जाते. एकट्याने घसरता येत नसेल तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी नाही. गळ्यातली दोरी, ओळखपत्र, ओढणी, हुडची नाडी हे सगळं खेळण्याआधी काढा. घसरगुंडीच्या माथ्यावर ते अडकलं तर गळफास बसतो.

चालत्या झोपाळ्याच्या पुढून-मागून जाताना तीन मोठी पावलं अंतर ठेवायला शिकवा. सी-सॉवर समोरचा अचानक उतरला की हनुवटी फुटते. रक्त आलं तर स्वच्छ रुमाल दाबून दहा मिनिटं धरा, मध्ये उचलून बघू नका. पक्का दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता, न घासता थंड दुधात टाकून तासाभरात दंतवैद्याकडे.

पिशवीत काय

पाणी मोठ्या माणसामागे एक लिटर, मुलामागे अर्धा, हे तीन तासांचं. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तहान उशिरा कळते. मागेल तेव्हा नाही, दर अर्ध्या तासाला दोन घोट. आमसुलाचं सरबत मीठ-साखर घालून एका बाटलीत न्या. ते बाहेर मिळणाऱ्या रंगीत पाण्यापेक्षा कधीही चांगलं. खायला कोरडं: थालीपीठ, चपातीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी, भिजवून उकडलेले शेंगदाणे. घावणे वाफ धरतात आणि दुपारपर्यंत चिवट होतात. दही-भात उन्हात नको. एक जुना कापसाचा टॉवेल, मुलाचा कपड्यांचा एक जोड, टोपी, आणि डासांसाठी संध्याकाळी घालायला पूर्ण बाह्यांचं काहीतरी.

बाबागाडी आणू नका. स्टेशनांच्या जिन्यांवर ती तुम्हीच उचलून न्याल.

चुकामूक झाली तर

निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. हरवलेल्या मुलाने काय घातलं होतं हे घाबरलेल्या आईला आठवत नाही. फोन नंबर बॉलपेनने मनगटाच्या आतल्या बाजूला लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे घामाने पुसत नाही. मुलाला एकच गोष्ट शिकवा: हरवलास तर जिथे आहेस तिथे उभा राहा आणि लहान मूल सोबत असलेल्या बाईला सांग. पाच मिनिटांत सापडलं नाही तर फाटकावरच्या रखवालदाराला कळवा, कारण बाहेर जायचे रस्ते मोजकेच असतात. मग ११२ ला फोन. मुलांची मदतवाहिनी १०९८, रेल्वेत १३९.

परतीची गाडी

त्याच रात्री परतणार असाल तर साडेपाचच्या आत बागेतून निघा किंवा सरळ साडेआठनंतर, मधल्या वेळात नको. जून ते ऑक्टोबर या काळात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, तेव्हा वेळा बदलतात. पाठ असलेली वेळ धरून चालू नका.

तुतारीचं तिकीट काढताना तारीख दोनदा वाचा. ती दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. शनिवारी बाग बघून शनिवारीच रात्री निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं लागतं. शनिवारचं काढलं असेल, तर तुम्ही बागेत शिरायच्या आधीच ती गाडी सावंतवाडीकडे निघून गेलेली असते.